सतराने पाहिलंस का?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी घेतली, की सर पेढा हातात धरून आधी नंबरप्लेटसमोर उकिडवे बसायचे. गणिताचे निवृत्त प्राध्यापक. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी मूळ संख्या दिसली, तरच पेढा तोंडात जायचा. वरच्या मजल्यावरच्या शेठजींनी हौसेने १००१ नंबर मिळवला होता. सर म्हणाले, "साताने जातो, अकराने जातो, तेराने जातो. अहो, राहिलं काय यात?" माझ्या स्कूटरचा ७३९३ मात्र त्यांना फार आवडायचा. "मूळ आहे गं. विकू नकोस." ती स्कूटर अजून खाली उभी आहे, चालू होत नाही.

"सतराने पाहिलंस का?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. भाग देऊन बघताना तेरापर्यंत सगळ्यांचा दम टिकतो आणि सतराशी माणसं कंटाळतात, असं त्यांचं म्हणणं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलाचं कौतुक सांगत बसले, तर म्हणाले, "झकास! पण सतराने पाहिलंस का?" मी त्याला पुन्हा भेटले, पोटभर भांडले आणि मगच होकार दिला.

त्यांची लाडकी संख्या ३३३३३३३१. लहानपणी आम्हाला घरी शिकवताना ते फळ्यावर ३१ लिहायचे. मूळ. डावीकडे एक तीन लावला की ३३१, तीही मूळ. असे तीन वाढवत थेट तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीसपर्यंत यायचं, सगळ्या मूळ. आम्हाला वाटायचं, आता हे असंच चालणार. मग सर आणखी एक तीन लावायचे. "झाले तेहतीस कोटी! आणि सतराने मोडले. सात वेळा खरं ठरलं म्हणून आठव्यांदा ठरेलच, असं धरून चालू नका रे."

गेल्या वर्षी सरांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. ऑपरेशन नीट झालं, पण सर बोलेनात. आज वार कोणता, बायकोचं नाव काय, डॉक्टरांच्या कशालाच उत्तर नाही. ते परत येतात की नाही, या धास्तीने त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, अर्ध्या झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "तूच बोल गं त्यांच्याशी. माझं बोलून संपलं."

मी तरी काय बोलणार? एकतीसपासून सुरुवात केली. मूळ, मूळ, मूळ. रडू आवरण्याच्या नादात थांबायचं तिथे थांबलेच नाही. "तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस, मूळ."

सरांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले.

"सतरा."

माझा जीव भांड्यात पडला. काकू एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. "अहो, माझं नाव आठवेना आणि सतरा बरे आठवले!" सरांनी मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, "शालिनी." काकूंना नावाने हाक मारलेली आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती.

आता दोघं मुलीकडे दहिसरला असतात. तळमजल्यावरच्या त्यांच्या बंद दारावरून जाताना मला चुकल्यासारखं होतं. मग मी फोन करते आणि वाटेत दिसलेली एखादी मोठी संख्या सांगते. पलीकडे सर गप्प होतात. त्या गप्प राहण्याची मला आता भीती वाटत नाही. सर सतराने पाहत असतात.