सोळावा तुकडा

आमच्या ह्यांना धंद्यात सगळे 'डबीवाले' म्हणतात. पाळणाघरांच्या अंगणात खोटं गवत बसवणारा माणूस, पण कमरेला सगळ्यात आधी काय लटकलेलं असेल, तर पत्र्याची एक गोल डबी. कटरच्या पात्याचं टोक बोथट झालं की बाकीचे ते पकडीने मोडतात आणि देतात भिरकावून. हे टिक करून मोडणार आणि डबीत टाकणार. एका पात्याचे खाचांवर मोडणारे आठ तुकडे. काम संपलं की डबीतले आणि कटरमध्ये उरलेले मिळून आकडा जुळला पाहिजे. तोवर फाटक उघडायचं नाही, मग प्रत्यक्ष देव दारात उभा राहिला तरी.

मी बारा वर्षं ह्यांच्यासोबत गुडघे घासतेय. कापणं ह्यांचं, सांधे चिकटवणं माझं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर रोज रांगायचंय, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी चार दिवस विचार तरी केला असता!

डबीमागचं कारण घरात मलाच ठाऊक आहे. अगदी सुरुवातीच्या एका कामात एक तुकडा गवतात राहिला आणि तीन वर्षांच्या पोरीच्या टाचेत घुसला. हे बाहुली घेऊन तिला बघायला गेले, तर ती आईच्या मागे लपली. "तिला कसं गं कळलं, तो मीच म्हणून?" हे अजूनही विचारतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं. पण कधी कधी फुंकून फुंकून माझाच जीव जातो.

त्या सोमवारी तसंच झालं. नऊला मुलं यायची होती आणि साडेआठला ह्यांनी डबी पालथी केली. पाती दोन वापरलेली, म्हणजे तुकडे सोळा. डबीत बारा, कटरमध्ये तीन. पुन्हा मोजले. पंधराच.

"एक कमी आहे," हे म्हणाले.

लोहचुंबक सगळ्या अंगणावर दोनदा फिरवला. दोन खिळे निघाले, तुकडा नाही. तोवर फाटकाबाहेर आया-बाप जमले. पाळणाघराच्या बाई घड्याळ दाखवत म्हणाल्या, "अहो, लोकांना कामावर जायचंय. गवत तर झालंय ना?"

"झालंय. पण उघडणार नाही," हे म्हणाले. ऐका आता!

माझी खात्री होती की तुकडा कातरणांच्या पोत्यात गेला असणार, आणि ते पोतं पहाटेच कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. आता जन्मभर शोधला तरी सापडणार नव्हता. मी शेडमागे गेले, पाकिटातलं कोरं पातं काढलं, टोक मोडलं आणि धावत आले. "अहो, सापडला! नळापाशी होता."

ह्यांनी तो हातात घेतला. अंगठ्यावर अलगद टेकवला. उजेडात धरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी उगीचच नळाकडे बोट दाखवत राहिले.

"हा बोथट नाही," हे हळूच म्हणाले. "ह्याने गवत कापलेलंच नाही. धार असलेलं टोक मी कधी मोडतो का गं?"

ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ह्यांनी हातमोजे काढले, भिंतीपाशी गुडघे टेकले आणि उघडे तळवे गवतावरून फिरवायला सुरुवात केली. वीतभर पुढे, पुन्हा वीतभर. बाहेर एक बाप चिडून हॉर्न वाजवत होता. लाजेने माझं तोंड एवढंसं झालं. मीही मोजे काढले आणि दुसऱ्या टोकाला बसले.

साडेनऊ झाले. मी घसरगुंडीच्या पायथ्याशी पोचले. तिथला सांधा मीच चिकटवला होता. तळवा पुढे सरकवला आणि आग झाली.

"सापडला!" मी किंचाळले. 'आई गं' नंतर आलं.

तुकडा माझ्याच गोंदात रुतून उभा होता, टोक वर. म्हणून चुंबकाने ओढून निघाला नव्हता. ह्यांनी तो पकडीने उपटला, आधी डबीत टाकला आणि मग माझा हात धरला. बायको रक्तबंबाळ, आणि ह्यांची आधी डबी!

"सोळा," हे म्हणाले. चिंधी बांधता बांधता माझा तो खोटा तुकडा त्यांनी माझ्या चांगल्या हातात ठेवला. "हा सतरावा. ह्याचं काय करायचं ते तू ठरव."

मी तो पदराच्या टोकात गुंडाळला.

फाटक उघडलं आणि पोरं आत घुसली. एक छोटी सगळ्यांना ढकलून घसरगुंडीवर चढली, धपकन खाली आली आणि तोल सावरायला तिने दोन्ही तळवे खाली टेकले. बरोबर तिथेच. मग हसली आणि पुन्हा शिडीकडे पळाली.

मी चिंधीतली मूठ घट्ट आवळली. हे तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.