कॉपी जोरात, रिपोर्ट अडकलेला

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबची सिस्टीम सांभाळते. मुंबईच्या क्लाउडवरचा डेटा हैदराबादलाही कॉपी करायचा होता. मी म्हटलं, "सर, वेग कमी ठेवूया. नाहीतर सर्व्हरवर ताण येऊन लॅबचं काम अडेल."

"संध्याकाळपर्यंत संपव," सर म्हणाले. मी कॉपी पूर्ण वेगात सोडली.

दुपारी आईचा कळव्याच्या लॅबमधून फोन आला, तीही आमच्याच सिस्टीमवर चालते. "अगं, कधीची बसलेय. सर्व्हर स्लो आहे म्हणे, रिपोर्टच निघत नाही. डॉक्टर जातील आता."

मी कोणालाही न विचारता कॉपीचा वेग एकदम उतरवला. रिपोर्ट निघाला, पण तोवर डॉक्टर गेले होते. आई तशीच डोंबिवलीला परत आली.

आत्ता सरांचा मेसेज आलाय, "कॉपी स्लो कोणी केली?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?