कासार आंबोलीची मोटार फोंड्याला कशी पोचली

आधीच सांगून टाकते. आमची मोटार फिरंग्यांच्या मुलखात गेली, चार रात्री राहिली आणि धडधाकट परत आली. कासार आंबोलीत ज्यांनी ज्यांनी "ही गाडी कात्रजच्या पुढं जायची न्हाई" म्हणून पैजा लावल्या होत्या, त्यांनी हे दोनदा वाचावं.

माझं माहेर फोंड्याजवळ, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात. लग्न होऊन मुळशीच्या डोंगरात आले त्याला अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी एकदाही माहेरी गेले नव्हते. आगगाडी आहे, नाही असं नाही. पण आधी मुलं तान्ही, मग सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आणि बाईमाणसाला एकटं कोण पाठवतो? आई गेल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा तिचं तेरावंही उरकलं होतं. मी चुलीपुढे बसून रडले आणि भाकऱ्या थापल्या. ते दुखणं मी कुणाला सांगितलं नाही, पण ते गेलंही नाही.

श्रावणात बाबांचं पत्र आलं. मार्गशीर्षात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. खाली एकच ओळ होती: 'डोळ्यांना आता फार कमी दिसते, जमल्यास यावे.' मी पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "या वेळी मी जाणार. चालत जावं लागलं तरी जाणार."

पत्र वाचून हे उठले, गोठ्याशेजारच्या पडवीत गेले आणि मोटारीभोवती एक चक्कर मारून आले. मुळशीच्या धरणावरचा एक इंजिनियर बदली होऊन जाताना ही गाडी विकून गेला होता. ती ह्यांनी घेतली, आणि धरणाच्या लॉऱ्या चालवून हात बसलेला बिरू धनगर चालक म्हणून ठेवला. तीन वर्षं ती भाताची पोती आणि बाळंतिणी पुण्याला नेत होती. "हिलाच घेऊन जाऊ," हे म्हणाले.

परवान्याची गोष्ट आता नीट ऐका, कारण कुणाला जायचं असेल तर इथेच घोडं अडतं. परक्या राज्यात मोटार न्यायची तर मुंबईच्या पोर्तुगीज कचेरीत अर्ज करावा लागतो. दोन प्रती, त्याही त्यांच्या भाषेत. गाडीचा रंग, बैठका, टायर किती, बसणारे कोण आणि इंजिनावर ठोकलेला नंबर, हे सगळं त्यात लिहायचं. नंबर ह्यांनी विक्रीच्या कागदावरून उतरवला. सीमेवर जकातीएवढी रक्कम अनामत ठेवायची आणि बाहेर पडताना परत घ्यायची. शिवाय आपल्या तालुक्याचा दाखला. पौडच्या कचेरीतला कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "मान्साच्या चालचलणुकीचा दाखला देतो आमी. मोटारीचा कसा द्याचा?"

"माणसाचाच द्या," हे म्हणाले. "मोटार माझ्याच वळणावर गेलीय."

दहा आठवड्यांनी परवाना आला. आठ दिवसांची मुदत, लाल लाखेचा शिक्का. ह्यांनी तो पत्र्याच्या पेटीत ठेवला, पेटी ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेवर स्वतः बसले.

गुरुवारी पहाटे निघालो. मुलं जाऊबाईंकडे. मागे पेट्रोलचे चार डबे, पाण्याच्या दोन घागरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बाबांसाठी आंबेमोहोराचं एक पोतं. पुण्यापर्यंत रस्ता पायाखालचा. कात्रज एका दमात चढली. खंबाटकीत मात्र रेडिएटरमधून वाफ निघाली आणि बिरू खाली उतरून, तापलेल्या बैलाला थोपटावं तसं बॉनेट थोपटत बसला. साताऱ्याला खाणावळीत पाच आण्यांत गरम जेवण मिळतं, पण भात मागून मागून घ्यावा लागतो. मुक्काम कऱ्हाडला केला.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. निपाणीनंतर एक टायर बसला, संकेश्वरपाशी दुसरा. आजऱ्याला धर्मशाळेत पाठ टेकली तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती, पण माझं मन इतकं हलकं होतं की मला हसू येत होतं. "काय झालं?" हे म्हणाले. "काही नाही," मी म्हटलं, "उद्या समुद्राचा वारा लागेल."

शनिवारी सावंतवाडीकडच्या आंबोलीचा घाट उतरलो. या घाटाबद्दल एवढंच सांगते की डाव्या बाजूला बघू नका. सावंतवाडीत आंघोळी केल्या, बांद्याला दोन होड्यांवर फळ्या टाकून केलेल्या तराफ्यावरून गाडी नदीपार नेली आणि दुपारी तीनच्या सुमाराला फिरंग्यांच्या नाक्यावर उभे राहिलो.

कौलारू चौकी, आडवा बांबू, हिरवा-तांबडा झेंडा. अधिकारी गोव्याचेच, गळ्यात क्रूस, मिशा काटेकोर. कागद वाचले, टायर मोजले, आंबेमोहोराचा वास घेतला. सगळं ठीक. मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"नंबर खंय आसा?"

नंबर कुठे आहे, असं ते विचारत होते. आणि मला एकदम घाम फुटला. दर खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो. मोटार आली तेव्हापासून ती पूजा माझ्याकडे होती. इंजिनावर एक चौकोनी, गुळगुळीत जागा होती. देवाच्या टाकासारखी ती मला बरी वाटली आणि तिथे मी तेलात कालवलेला शेंदूर फासला. पुढच्या वर्षी आणखी. तिसऱ्या वर्षी आणखी. इंजिनाच्या उष्णतेने त्याची बोटभर जाड खोळ झाली होती. नंबर नेमका तिच्याखाली.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. नंबर दिसल्याशिवाय गाडी आत सोडता येत नाही, ते शांतपणे म्हणाले. चौकी सहाला बंद होते आणि उद्या रविवार. सोमवारी या.

सोमवारी सकाळीच बाबांचा विधी होता. नाक्यापासून फोंडा म्हणजे मध्ये दोन खाड्या, बैलगाडीने तीन दिवस. म्हापशाहून भाड्याची गाडी मिळते, तीही सोमवारीच. मला आई गेल्याचं पत्र आठवलं आणि वाटलं, आता पुन्हा तसंच होणार. पुन्हा मी उशिरा पोचणार.

"बिरूभाऊ, खरवडा," हे म्हणाले.

बिरू दोन पावलं मागे सरला. "न्हाई धनी. द्येवाच्या अंगावरला शेंदूर हाय त्यो. त्याच्या जिवावर खंबाटकी चढलो आपण. म्या न्हाई हात लावायचा."

"अरे, ते इंजिन आहे!"

"व्हय. पन तीन वर्सं पुजल्यालं हाय."

ह्यांनी स्वतः हात पुढे केला आणि तोही थबकला. एक कागदांचा पक्का, दुसरा यंत्राचा, पण शेंदरापुढे दोघेही लुळे. मला रागच आला. मी पदर खोचला, इंजिनाला हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "मीच बसवलं तुला, मीच उठवते. काही कमीजास्त झालं तर माझ्या माथी." मग केसांतला आकडा काढला, फडक्यावर रॉकेल घेतलं आणि सुरुवात केली.

तो काही साधा शेंदूर नव्हता. दगड झाला होता. आकडा वाकला, नखं मोडली, हात कोपरापर्यंत लाल. बिरू खाली पडणारी ढलपी पानात झेलत होता, एकही जमिनीला लागू दिलं नाही. चौकीवरचे दोन शिपाई येऊन उभे राहिले. साडेपाचला शेवटचं मोठं ढलपं निघालं. मी फडक्याने पुसलं आणि बाजूला झाले.

अधिकारी वाकले. नंबर काल ठोकल्यासारखा लखलखत होता.

त्यांनी परवान्यावर बोट ठेवत एकेक आकडा वाचला. जुळला. मग त्यांनी पानातलं एक ढलपं उचललं, बोटांनी चुरडलं आणि पहिल्यांदाच हसले. "आमच्या व्हड्यांक हेंच लायतात." आमच्या होड्यांना हेच लावतो आम्ही, खिळ्यांना गंज धरत नाही. आणि मग सांगितलं की घाटावरून येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे नंबर पावसाने गंजून वाचता येत नाहीत आणि त्यांना परत पाठवावं लागतं. या वर्षी भिंग न लावता वाचलेला हा पहिला नंबर.

"आयकलंत?" मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं. तीन वर्षं हे मला हसत होते!

सहाला पाच मिनिटं कमी असताना बांबू वर गेला. बिरूने हँडल मारलं, गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली आणि त्याने मागे वळून मला नमस्कार केला. मला की शेंदराला, ते विचारलं नाही.

म्हापशाला मुक्काम, दोन खाड्या, आणि रविवारी दुपारी आम्ही दारात. बाबा ओट्यावर उभे होते. आवाजाच्या दिशेने चेहरा करून म्हणाले, "आलीस गो, बाय?" मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझे हात हातात घेतले, लालसर नखं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. सोमवारी एक्याऐंशी दिवे लावून मी त्यांना ओवाळलं. मी मनातल्या मनात आईला सांगत होते की मी आलेय, वेळेवर आलेय.

बुधवारी निघताना बाबा धोतर नेसून, उपरणं नि काठी घेऊन मोटारीत जाऊन बसले. दादा ओरडला, वहिनी रडली. बाबा म्हणाले, "मुलीला मूल झाल्यावर बापानं तिच्या घरी पाणी प्यायला हरकत नसते. मी अजून प्यायलो नाही. परत कसा येईन ते मग बघू."

नाक्यावर तेच अधिकारी. त्यांनी यादी वाचली. टायर पाच, बरोबर. आत गेलेली माणसं तीन, बाहेर येतायत चार. "हो कोण?" हा कोण, असं विचारलं.

"माझे वडील."

त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "मनशांचेर जकात ना, बाय," माणसांवर जकात नाही, असं म्हणाले आणि अनामत मोजून ह्यांच्या हातावर ठेवली.

आता घरी येऊन आठ दिवस झाले. अंग अजून दुखतं, मागचे दोन्ही टायर बदलावे लागले, आणि ह्यांनी परवाना चौकटीत घालून भिंतीला लावलाय. जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच की कागद वेळेवर करा आणि पूजा नंबर सोडून करा.

बाबा मात्र रोज सकाळी काठी टेकत घराभोवती फिरतात. भिंती चाचपतात, खांब मोजतात. काल मी विहिरीवर होते तर माझ्या आवाजामागे आले आणि काठावर बसले.

"अकरा वर्षं मी रोज रात्री तुझं घर मनात बांधत होतो," ते म्हणाले. "ओटा बरोबर निघाला. गोठाही. पण विहीर मी परसात धरली होती गो. ती पुढच्या दारी आहे."

मी घागर खाली ठेवली आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते सावकाश प्यायले.