फळीखाली काय आहे

निजामी पंचांगातल्या बहमन महिन्यातला गुरुवार, शाळा सुटल्यानंतर. हजर: विज्ञानाचे मास्तर आणि मी, शाळेचा कारकून. मुलं: एकही नाही.

मास्तर नांदेडात एकटेच राहत. दर गुरुवारी ते टेबलावर चार विटा मांडत, त्यांवर फळी ठेवत आणि खाली एखादी वस्तू लपवत. मग चारी बाजूंनी गोट्या सोडायच्या, कुठली कशी वळून बाहेर आली ते कागदावर मांडायचं आणि त्यावरून वस्तूचा आकार ओळखायचा. मुलं दोन गुरुवार आली, मग कंटाळली. बोलताना मास्तरांचं लक्ष माणसापेक्षा गोटीकडेच असे.

झाडायला आलेला शिपाई म्हणाला, "मास्तर, लई येळ झाला. फळी उचला की, एका घडीचं काम हाय!"

"अणूचा गाभा उचलून दिसतो का, मामू? तिथं बी कण मारायचे अन् कुठं वळले ते बघायचं."

"मग दिसला का कुणाला?"

"न्हाई. पण हाय, हे कळलं."

शिपाई हसत गेला. मास्तरांनी खिशातून बदलीचा हुकूम काढून मला दाखवला. हदगाव. मग मला पाठ फिरवायला लावून त्यांनी फळीखाली नवी वस्तू ठेवली.

"उचलू नका. ओळखलं की कळवा. कुणीतरी एकदा शेवटपर्यंत करावं."

मास्तर गेल्यापासून तीन बाजू मी पुऱ्या केल्या आहेत. चौथी भिंतीकडे आहे. ते जड टेबल धक्का न लावता ओढायला दोघं लागतात. शिपायाला बोलावलं तर तो आधी फळी उचलेल. शाळा सुटल्यावर थांबणारं दुसरं कुणी अजून मिळालेलं नाही.