नाडकर्णी साहेबांनी वाचवलेला वेळ

कुठलाही गाळा दहा वर्षं चालला की माल टेम्पोत भरून निघून जातो आणि किस्से मागे राहतात. ते न्यायला कुठलाच टेम्पो येत नाही! परवा एका मैत्रिणीने सहज विचारलं, "तू तेव्हा नक्की काय काम करायचीस गं?" मी दोन तास बोलत होते, आणि काम सांगायचं राहूनच गेलं.

तर काम असं. नव्वदच्या आसपास मुंबईच्या वेशीबाहेर हाटकेशच्या एका गाळ्यात आम्ही सात-आठ जण प्रेशर कुकरच्या शिट्ट्या बनवायचो. मालक नाडकर्णी साहेब. मुंबईतल्या मोठ्या कंपनीत आयुष्य घालवलेले, लवकर रिटायर होऊन स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून इकडे आलेले. माणूस देवासारखा, पण एकच दुखणं. आपल्याकडे वेळ फार फुकट जातो!

मी टायपिस्ट. टायपिंग संपलं की शिट्ट्या तपासायच्या. मशीनवर तीन-चार पोरं, पॅकिंगला जौनपूरचा रामदुलार. आणि शिट्टीत पिन बसवायला जवळच्या राई गावच्या गुलाबमावशी, वयाने साहेबांपेक्षाही मोठ्या.

* * *

एके दिवशी साहेब स्टॉपवॉच घेऊन आले. एक शिट्टी बनायला किती सेकंद लागतात ते मोजायचं म्हणाले. पहिला नंबर गुलाबमावशींचा. साहेब त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि घड्याळ सुरू केलं.

मावशी पिन खाली ठेवून उभ्या राहिल्या.

साहेब वाट बघतायत, मावशी वाट बघतायत. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी साहेबच म्हणाले, "मावशी, काम करा ना!"

"तुमी बसा, मंग करते," मावशी म्हणाल्या. "मालक हुबा आनि मी बसून काम करू? आमच्यात तसं चालत न्हाय!"

साहेबांनी खुर्ची मागवली. खुर्चीत बसल्यावर मावशींचे हात दिसेनात, मधे शिट्ट्यांचा ढीग! त्या दिवशीच्या कागदावर मावशींच्या नावापुढे साहेबांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मीच टाइप केलंय ते.

* * *

मग खडू आले. कोण दिवसभरात कुठून कुठे चालतो ते जमिनीवर आखायचं. मावशींना पांढरा, मला पिवळा, रामदुलारला लाल, आणि साहेबांचा स्वतःचा निळा. मशीनवरची पोरं जागची हलत नसत, त्यांना सूट. बाकी प्रत्येकाने उठलं की आपली रेघ ओढत जायचं.

रामदुलार म्हणाला, "साहब, झुककर चलेंगे तो कमर जाएगी!" तेव्हा साहेबांनी खडू काठ्यांना बांधून दिले.

संध्याकाळी आम्ही सगळे दारात उभे राहून बघतोय. पांढरी रेघ वीतभर. पिवळ्या दोन-चार. लाल जरा जास्त. आणि बाकी सगळी जमीन निळी! आम्ही उगीच चालतोय का ते बघायला साहेब दिवसभर चालत होते.

 साहेब स्वतःच हसले आणि म्हणाले, "रामदुलार, धो डालो." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं टेबल केबिनमधून बाहेर, बरोबर आमच्या मधोमध आलं. केबिन उरली फक्त खाजगी बोलण्यापुरती.

* * *

चहाचं तर विचारूच नका. आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचो. साहेबांनी हिशेब मांडला आणि चहाची किटली गाळ्यातच मागवायला लागले. चार मिनिटांत चहा खलास, सगळे परत कामाला. साहेब खूश!

तिसऱ्या दिवशी आमची मशीनं चालू असताना धाडकन लाइट गेली, ती संध्याकाळपर्यंत. आजूबाजूच्या गाळ्यांनी सकाळीच कामं उरकलेली. त्यांना कसं कळलं? लाइनमन टपरीवर चहा प्यायचा ना! पाचव्या दिवशी रामदुलार माल बांधून टेम्पोची वाट बघत बसला, आणि टेम्पोवाला लग्नाला गावी गेलेला. तेही टपरीवर सगळ्यांना माहीत होतं.

सहाव्या दिवशी साहेबांनी माझ्याकडून नोटीस टाइप करून घेतली: "सर्वांनी बाहेर जाऊन चहा प्यावा. हा वेळ कामाचा धरला जाईल."

* * *

दर पेटीतल्या दोन शिट्ट्या मी कुकरवर लावून बघायचे. शेगडी दुपारपर्यंत पेटलेली, कुकरमधे नुसतं पाणी. साहेब येता-जाता हळहळायचे, "केवढा गॅस जातोय वैशाली, केवढा गॅस!"

मावशींनी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "पानीच उकळताव, तं त्यात भांडं ठेवा की तांदळाचं!"

त्या दिवसापासून आमचा डाळ-भात कुकरमधेच. पण एक पंचाईत होती. शिट्ट्या तपासायच्या म्हणजे तीस-तीस शिट्ट्या व्हायच्या! भाताची पेज व्हायची, डाळ कुठे गेली ते शोधावं लागायचं. मावशींच्या सासूबाईंना एकही दात नव्हता. त्यांना रोज डबा जायला लागला. म्हातारी म्हणायची म्हणे, "सुनेच्या हाताला आता कुठं चव आली!"

* * *

हा किस्सा छोटासाच आहे, पण सांगते. साहेबांनी स्टेशनजवळच्या केबिन रोडवरून एक पेंटर आणला, भिंतीवर 'वेळ वाचवा' लिहायला. पेंटर गप्पिष्ट. लिहायला त्याने अख्खा दिवस लावला, आणि आम्ही अख्खा दिवस त्याला बघत बसलो. गेल्यावर नीट वाचलं तर मोठ्या लाल अक्षरांत 'वेळ वाजवा'!

"बोलावू परत?" मी विचारलं.

"नको," साहेब म्हणाले. "अजून एक दिवस जाईल."

* * *

आता हा शेवटचा. 

साहेबांच्या जुन्या कंपनीतले एक मित्र दोन दिवस गाळ्यात येऊन बसले. सगळं बघितलं आणि जाताना म्हणाले, "पिनवर काम अडतंय. त्या बाईंना घरी पाठव, बाकी तू ठीक आहेस."

साहेबांनी आठवडाभर चालढकल केली. पण ऑर्डरी वाढलेल्या, माल खरंच पिनपाशी तुंबायचा. शेवटी एका सकाळी माझ्यासमोर कागद ठेवला, मान वर न करता. गुलाबमावशींना कामावरून कमी करण्याचं पत्र. मी टाइप केलं. चार ओळींत तीन चुका झाल्या. दुपारी मावशींनी नेहमीसारखं स्वतःच्या डब्यातलं सुकट माझ्या ताटात वाढलं, आणि मी नुसता भात चिवडत बसले.

"बरं न्हाय का गो पोरी?" त्यांनी विचारलं. मी ताट उचलून मोरीकडे गेले.

तीन वाजता साहेबांनी मावशींना केबिनमधे बोलावलं. दार लागलं. रामदुलारने पॅकिंग थांबवलं. पाऊण तास झाला, तास झाला. मधे एकदा साहेबांचा आवाज आला, मग मावशींचा, मग बराच वेळ मावशींचाच.

दार उघडलं. मावशी बाहेर आल्या, पदर सारखा केला, जागेवर बसल्या आणि पिन उचलली.

मी धावत गेले. "मावशी, काय म्हणाले साहेब?"

"काय म्हनतील? म्हनले, मावशी, तुमचं काम हळू व्हतंय."

"मग?"

"मी म्हनले, तं मंग! दोन वर्सं झाली मी वाटच बगते, तुमच्या कदी ध्यानात येतंय. येकट्या बाईचं काम हाय का ह्ये? उद्यापासून माजी सून येतेय."

मी केबिनमधे गेले. साहेब रिकामा ग्लास हातात धरून बसले होते. पत्राचे चार तुकडे टेबलावर.

"वैशाली, दुसरं पत्र टाइप कर," ते म्हणाले. "सुनेचं नाव विचारून घे."

"आणि मावशींचं काय, साहेब?"

"त्यांचं काय म्हणजे? त्या तिला शिकवणार आहेत!"