जागेचा वाटा

ताई, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पो सुटेपर्यंत तुम्ही आईंना हाका मारत होतात आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी लेकीवर रुसून गेली. तसं नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर परात घेऊन त्या बसल्या होत्या आणि एकच वाक्य घोळवत होत्या, "मना कशाला नेताव? आनखी एक तोंड." शेवटी हे वैतागून म्हणाले की तोंड म्हणून नाही, घर राखायला येतेस. मग पनवेल येईपर्यंत ते वाक्य पुन्हा निघालं नाही. प्रश्न मिटला म्हणून मला बरंच वाटलं.

गाव सोडायचं माझ्याच डोक्यातून निघालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यांना न्हावा शेव्याचं कंटेनर यार्ड गावाहूनच जवळ पडायचं. पण तीन भावांच्या घरात आमची एक खोली आणि अर्धा ओटा, त्यात मुलगी मोठी होत चाललेली. मला माझ्या नावाची जागा हवी होती. पनवेलला भाड्यानं राहायचं, मी नोकरी धरायची, आठ महिने पोटाला चिमटा घ्यायचा आणि फ्लॅट बुक करायचा, असा माझा बेत. तुमचे भाऊ माझ्या बेतांना घाबरतात, म्हणून हो म्हणाले.

बिल्डिंग नवी होती, सात मजल्यांची, पण माणसं थोडी. बहुतेक फ्लॅट मुंबईच्या लोकांनी पैसे गुंतवायला घेतलेले. आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातल्या तीन दारांना कुलपं. लिफ्ट अधूनमधून आपोआप वर यायची, दार उघडायचं आणि आत कुणी नसायचं. वॉचमन म्हणायचा, बटण अडकतं. मी बटण अडकतं असंच मानत राहिले, कारण एवढ्या कमी भाड्यात दुसरीकडे वन बीएचके मिळाला नसता.

घर मी चोख चालवलं, हे मात्र स्वतःच्या तोंडानं सांगते. महिन्याचा किराणा पहिल्या रविवारी एकदाच. सगळं पारदर्शक बरण्यांत, म्हणजे किती उरलंय ते उभ्या उभ्या दिसावं. एका वेळी एकच पंखा. मासळी फक्त रविवारी, तीही स्वस्तातली. सकाळी डेंटल क्लिनिकला रिसेप्शनवर जाण्याआधी मी आई आणि मुलीपुरते दुपारचे तांदूळ मापानं पातेल्यात काढून ठेवायची. एकच्या सुमारास मुलगी शाळेतून आली की आई तिला वाढायच्या. त्या होत्या म्हणून मी नोकरी करू शकत होते. पाळणाघराला पैसे दिले असते तर पगारात उरलं काय असतं?

तिसऱ्या महिन्यात किराण्याची यादी करायला बसले तर तांदूळ शिल्लक. चौथ्या महिन्यात जास्त शिल्लक. मी फुशारले. क्लिनिकमधल्या मुलींना बचतीचे धडे द्यायला लागले. हे चेष्टा करायचे की आपल्या घरात भूत असेल तर ते खाणारं नाही, भरणारं आहे. मुलीनं मात्र सरळ विचारलं, आई, तांदूळ बरणीत वाढतात का? आम्ही हसलो, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग एके सकाळी पातेल्यात माप काढल्यावर मी पेनानं बरणीला बाहेरून रेघ मारली, तांदूळ होते बरोब्बर तिथं. दुपारी घरी आले तर तांदूळ रेघेच्या नखभर वर होते. दुसऱ्या दिवशीही तेच. भर दुपारी, लख्ख उजेडात, स्वतःच्या स्वयंपाकघरात मला बरणीला हात लावायचं धाडस होईना. आईंना बोलावून दाखवलं. त्या बरणीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. "वाढतंय त वाढू दे, बाय. भरल्या डब्याला नजर लावू नको."

त्यांचा आवाज इतका बारीक कधीपासून झाला, हे मला तेव्हा जाणवलं. उरणच्या मासळीबाजारात पाटी घेऊन बसायच्या तेव्हा त्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाची बाई उत्तर द्यायची. इथं त्या खोलीत आल्याचंही कळायचं नाही. पाण्याचा तांब्या भरावा, वळावं, तर त्या मागे उभ्या असायच्या, आणि मी दचकायची. पावलं वाजायचीच नाहीत. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, त्याच्याकडे बघत तासन् तास बसायच्या. एकदा म्हणाल्या की सासरे होडीवरून हाच सुळका धरून घरी यायचे, आता आपण त्याच्या दुसऱ्या अंगाला येऊन बसलो. ब्लाऊज दंडावर लोंबायला लागला होता. मी तो शिवून आत घेतला, नवा घेतला नाही. शिवताना किती आत घ्यावा लागला ते मला दिसत होतं.

एक दिवस क्लिनिकमध्ये लाइट गेले, डॉक्टरांनी सगळ्यांना लवकर सोडलं. बारा वाजता घरी पोचले. दार नुसतं लोटलेलं. आतून आईंचा आवाज येत होता, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा. घरात तर दुसरं कुणी नव्हतं. फटीतून पाहिलं. त्या जमिनीवर पातेलं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, आणि कोरडे तांदूळ परातीत मुठीमुठीनं वेगळे करत होत्या. "हा नातीचा. हा माजा, अर्धा." मग उरलेली मूठ बरणीत सोडून झाकण लावलं आणि त्यावर दोनदा थोपटलं, निजलेल्या पोराला थोपटतात तसं. "हा जागंचा."

ताई, तुम्हाला सांगायला नको, पण माझी मुलगी हे वाचेल तिच्यासाठी लिहिते. आपल्याकडे होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे घालतात. आधी होडीचा वाटा, कारण होडी नसेल तर कुणीच नाही. मग जाळ्यांचा, मग माणसांचे. जो दर्यात गेला नाही, किनाऱ्यावर नुसता राखण करत बसला, त्याला अर्धा. आमच्या टेम्पोत हे म्हणाले होते, तू राखायला येतेस. आईंनी त्यातच आपला वाटा ठरवून टाकला होता. आणि अजून न घेतलेल्या फ्लॅटला होडीचा मान देऊन त्या सात महिने रोज त्याच्या नावानं मूठ काढत होत्या. रात्रीही दुपारचं जड झालंय म्हणून भाकरीचा चतकोर घ्यायच्या. मूठ मूठ करून किती पैसे वाचले असतील? स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काचसुद्धा आली नसती.

इथपर्यंत मी यांना सांगितलं आहे, पण पुढचं आजवर कुणालाच नाही.

मी दार वाजवलं नाही. चपला हातात घेऊन जिन्यानं खाली उतरले आणि बिल्डिंगच्या मागच्या पायरीवर दोन वाजेपर्यंत बसून राहिले. मग रोजच्या वेळेला घरी गेले. बुकिंगची रक्कम भरायला बावीस दिवस होते. मी बोलले असते तर हे त्याच दिवशी म्हणाले असते, खड्ड्यात गेला तुझा फ्लॅट, आईला घेऊन गावी चल. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून बावीस दिवस मी रोज सकाळी तेच माप काढून ठेवलं. मला सगळं ठाऊक असताना काढलं. आता बरणीची भीती वाटत नव्हती. स्वतःच्या हाताची वाटायची, कारण तो जराही थरथरत नव्हता.

पैसे भरले त्या दिवशी पापलेट आणलं. आईंना समोर बसवून पूर्ण ताट वाढलं आणि म्हटलं की जागेचा वाटा फिटला, आता सगळं खायचं. त्या ओशाळल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. चार घास खाल्ले आणि ताट हलकेच माझ्याकडे सरकवलं. "आता जात नाय गो."

आणि खरंच गेलं नाही. डॉक्टर, टॉनिक, मऊ भात, सगळं केलं. त्या आणखी दीड वर्ष होत्या, शेवटचे चार महिने या फ्लॅटमध्ये. इथंही त्यांची पावलं कधी वाजली नाहीत. त्या गेल्यावर मला त्यांचं नसणं कळायला कितीतरी दिवस लागले. अजून स्वयंपाकघरात वळण्याआधी मी एक क्षण थांबते. कुणी मागे उभं असेल तर धक्का लागू नये.

गावाला आता माझी खोली नाही, आणि ही जागा कागदावर माझ्या नावाची आहे. घर म्हणजे काय विचाराल तर हेच, कारण माझ्या हातचं अर्धं जेवून जिनं ते उभं केलं ती इथंच आहे. तिला सोडून मी कुठं जाणार? पण इथं मी मालकिणीसारखी वावरू शकत नाही. उलट, मीच इथं राखण करते.

आईंच्या तेराव्याला पंगत उठल्यावर तुम्ही मला कडेला घेतलं होतंत. हात धरून विचारलं होतंत, "आई तुज्याकडं पोटभर जेवायची ना गो?" मी हो म्हणाले, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडलात. तेव्हापासून दर सणाला तुम्ही या वहिनीसाठी सुकी मासळी पाठवता.

जेवत नव्हत्या, ताई. आणि मला माहीत होतं.