बालाजीचं स्थळ आणि माझा 'अटर'

माझ्या धाकट्या भावाचं जमत आलेलं लग्न मी एका इंग्रजी विशेषणानं जवळजवळ मोडलं होतं. रागानं नव्हे, प्रेमानं.

भावाचं नाव बालाजी. वय एकतीस, चार एकर कापूस, बावीस शेळ्या आणि दिवसाकाठी बोलून झालेले शब्द साधारण दहा. (त्यातले आठ शेळ्यांशी.) शेतकरी मुलाला मुलगी मिळणं आमच्या भागात किती अवघड झालंय, हे वेगळं सांगायला नको. "मुलगा काय करतो?" "शेती करतो." एवढ्यावर फोन कट. सोनपेठचं एक स्थळ तर नुसत्या 'हॅलो'वर कट झालं. ते बहुतेक नेटवर्कमुळं असावं, पण आईनं मनाला लावून घेतलं.

अशात परभणीहून अश्विनीचं स्थळ आलं. मुलगी खाजगी दवाखान्यात नर्स. तिनं स्वतः निरोप धाडला होता, "शेतकरी चालेल, पण घर आणि माणसं बघून ठरवीन." बघायला ती, तिचे वडील आणि आत्याबाई येणार होत्या. आत्याबाईंनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. हे कळलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

मी देवगाव फाट्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करतो. घरातला थोरला मी, तेव्हा आपलं घर काही अडाणी न्हाई हे दाखवायची जबाबदारी माझीच. हातात आठ दिवस होते. मोबाईलवर रोज एक इंग्रजी शब्द शिकवणारं काहीतरी होतं, ते घेतलं. पहिल्याच दिवशी शब्द आला 'अटर'. अर्थ : पूर्ण, अगदी, निव्वळ. म्हणजे थेट आपला 'लय'! मला तो इतका पटला की पुढचे सात दिवस मी दुसरा शब्द उघडलाच न्हाई. एकच शिकायचा, पण पक्का.

सराव दुकानात सुरू केला. "दादा, तुमचा पंप अटर खराब हाय." गिऱ्हाईक म्हणालं, "मग वायसर बदला की." घरी बायकोला म्हणालो, "संगीता, चहा अटर गोड झालाय."

तिनं कप काढून घेतला. म्हणाली, "हात जोडते. पाहुण्यांपुढं मराठीत बोला."

मी तिला अडाणी समजलो.

रविवारी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, सतरंजी नवी होती, बालाजी खांबाला टेकून खांबासारखाच उभा होता. शेजारच्या गल्लीतले पांडूमामा आधीच येऊन बसलेले. मामांना एका कानानं ऐकू येत न्हाई, आणि दुसऱ्यानं येतं ते वेगळंच.

मी पुढं झालो. "वेलकम मॅडम. धिस इज अवर अटर हाऊस."

आत्याबाईंनी घराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अटर?"

"येस मॅडम. अटर."

अश्विनीच्या वडिलांनी हळूच विचारलं, "काय म्हणायलेत?" आत्याबाई म्हणाल्या, "बघू पुढं."

मला वाटलं, छाप पडली. मी बालाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "माय ब्रदर. अटर फार्मर. दारू नो, गुटखा नो. अटर बॅचलर."

अश्विनीनं ओढणी तोंडाला लावली. आत्याबाई समोरच्या भिंतीकडं बघत राहिल्या. तेवढ्यात मामांनी मला कोपरानं ढोसलं. "काय मागायलेत पाहुणे?"

"काही न्हाई मामा. अटर."

"अत्तर व्हय? मग आधी सांगायचं की."

मी अडवायच्या आत मामा उठून गेले. परत आले ते गुलाबाच्या अत्तराची जुनी बाटली घेऊन. ती कोणत्या लग्नातली होती देव जाणे, पण त्या जोडप्याची नातवंडं आता शाळेत जात असावीत. मामांनी सरळ आत्याबाईंचे दोन्ही हात धरून अत्तर चोळलं आणि वर "आमच्यात पाहुण्याचा मान लय राखतेत" असंही सांगितलं. आत्याबाईंना शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच. सहाव्या शिंकेला त्यांचा चष्मा सुशीलाच्या ताटलीत पडला. संगीता चष्मा धुवायला घेऊन गेली. जाताना तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिचं मराठीत भाषांतर करणं मला आजही जमणार न्हाई.

चष्मा परत डोळ्यांवर आल्यावर आत्याबाईंनी शुद्ध मराठीत विचारलं, "मुलगा तापट आहे का?"

"नो मॅडम. ही इज अटर सायलेन्स."

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच सैल झाल्या. "हे मात्र बरोबर जमलं," त्या म्हणाल्या.

त्या शाबासकीनंच माझा घात केला. भिंतीवर बालाजीचं एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं. नाल्याला पूर आला तेव्हा त्यानं दोन म्हाताऱ्यांना आणि चौदा शेळ्यांना बाहेर काढलं होतं. मग गावानं त्याला तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला धाडलं. प्रमाणपत्रावर ते इंग्रजीत लिहिलं होतं. त्यातला पहिला शब्द मला वाचता आला, दुसरा लांबलचक होता, तो मी सोडून दिला.

छाती काढून प्रमाणपत्राकडं बोट दाखवत मी म्हणालो, "मॅडम, माय ब्रदर इज अटर डिझास्टर. गव्हर्नमेंट सर्टिफिकेट!"

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. वडिलांनी परत विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणतायत, मुलगा म्हणजे निव्वळ सत्यानाश आहे. आणि तसा सरकारी दाखला आहे."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आत्याबाई पर्स घेऊन उठल्या. मला ऐन वेळेला मराठीसुद्धा आठवेना.

अश्विनी मात्र जागची हलली न्हाई. तिनं बालाजीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

बालाजी खाली बघत म्हणाला, "दादा म्हणायलेत तर असंल काहीतरी. पण जायच्या आधी शेळ्या बघून जा."

ती खरंच त्याच्या मागं गोठ्यात गेली. आम्ही सगळे दारात. कोपऱ्यात एक करडू होतं, मागचा पाय मोडलेलं. पायाला बांबूच्या कामट्या लावून धोतराच्या फडक्यानं नीट बांधलं होतं. अश्विनी खाली बसली, बोटांनी पट्टी चाचपली.

"हे कुणी बांधलं?"

"मीच."

"सैल का ठेवलंय?"

"सूज होती. घट्ट बांधलं तर पाय काळा पडतोय. सकाळ-संध्याकाळ सोडून बघतो."

एवढं सलग बोलताना त्याला आईनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. अश्विनी बराच वेळ त्या करडाचं डोकं खाजवत बसली. मग उठून वडिलांना म्हणाली, "आमच्या दवाखान्यात रोज सांगावं लागतं, पट्टी सोडून बघा म्हणून. बाबा, मला पसंत आहे."

आई तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. मामांनी विचारलं, "काय झालं?" आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच्याच हाताला अत्तर लावून घेतलं.

निघताना आत्याबाई माझ्याजवळ थांबल्या. "अहो, अटर हा शब्द सहसा वाईट गोष्टीला जोडतात. अटर नॉन्सेन्स. अटर फेल्युअर. चांगल्या माणसाला, चांगल्या घराला लावत नाहीत. समजलं?"

समजलं होतं. माफी तर मागायलाच हवी होती, आणि ती त्यांच्या भाषेत मागावी असं वाटलं. संगीता मागून माझा शर्ट ओढत होती, तरी मी मान खाली घालून म्हणालो, "सॉरी मॅडम. आय ॲम ॲन अटर फूल."

आत्याबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि 'ॲन'सुद्धा योग्य ठिकाणी लावलंत."